सैल तारांचा बँड

हरेश,

तेराव्याच्या जेवणात मासे नव्हते, हे आधी सांगून टाकते. बटाट्याची भाजी, वालाचं बिरडं, वडे आणि खीर. तू असतास तर पानाकडे बघून "कोनाचा उपास हाय?" असं मोठ्याने विचारलं असतंस. वाढायला तुझी आईच होती. सुधीरच्या पानात दुसरा वडा टाकताना ती म्हणाली, "त्याला नसतं गो आवडलं यातलं काय." आणि आम्ही तिघंही हसलो. मांडवातली माणसं माना वळवून बघायला लागली. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण तुझी आई हसत होती तेव्हा आम्ही कोण थांबणार?

तू कुठे शिकलास, काय काम केलंस, कुणाचा कोण होतास, हे मी लिहिणार नाही. नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर तुझ्या पुतण्याने ते खडूने लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'नाखवा आणि बँड वादक.' वाचणाऱ्याला वाटणार, कोळीवाड्याचा बँड, हळदीला आणि वरातीला वाजतो तो. ते खोटं नाही. वयात आल्यापासून तू त्या बँडमध्ये ड्रम वाजवलास, आणि तुझ्या हातावर नाचून अर्ध्या ठाण्याची लग्नं लागली. पण तुझा आणखी एक बँड होता. त्यात तू, सुधीर आणि मी, तिघंच होतो. त्याच्याबद्दल फळ्यावर लिहायचं म्हणजे पुतण्याला खडू पुरला नसता, म्हणून मी लिहिते आहे.

सुरुवात सुधीरच्या मामापासून झाली. सुधीर डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा, गिटार वाजवायचा आणि त्याच्या आईच्या मते वाया चालला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मामा जहाजावर नोकरीला. त्याने कुठल्याशा थंड देशाच्या बंदरातून एक कॅसेट आणली. कव्हरवर खवळलेला समुद्र, लांबुळकी होडी आणि होडीच्या टोकाला अजगराचं तोंड. आतल्या फोटोत चार दाढीवाले. त्यांची गाणी जुन्या काळच्या दर्यावर्दी लुटारूंची, त्यांच्या देवांची, बर्फाची आणि वल्ह्यांची. गिटार म्हणाल तर पत्रा कापत असल्यासारखी. या प्रकाराला व्हायकिंग मेटल म्हणतात, हे सुधीरने मला जिन्यात अडवून सांगितलं, आणि मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ऐकून घेतलं. मामा कॅसेट द्यायला तयार नव्हता. सुधीरने एका दुपारपुरती मागून घेतली, कल्याणच्या एका दुकानात तिची कॉपी करून आणली, आणि मूळ कॅसेट मामाबरोबर पुन्हा बोटीवर गेली.

सुधीर ठाण्याच्या कॉलेजात तुझ्या वर्गात होता. ती कॉपी त्याने तुला कँटीनमागे ऐकवली आणि कव्हरवरच्या होडीचं वर्णन केलं. तुझा पहिला प्रश्न त्याने मला पुढे कितीतरी वेळा सांगितला. तू विचारलंस, "ही लोकं मासे पकडायची की नुसती लुटायची?"

"लुटायची."

"मग रोज जेवायची काय?"

सुधीरने टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली. तू म्हणालास, "चल, वाजवू आपण."

मला बोलावलं ते पट्टी शोधायला. मी पेटीच्या परीक्षा दिलेली मुलगी. सुधीरला कॅसेटबरोबर गिटार जुळत नव्हती, म्हणून तो टेप घेऊन आमच्या घरी आला. मी भात्यावर हात ठेवून बराच वेळ ऐकलं. त्यांचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडत होता, ना काळीवर ना पांढरीवर. मी म्हटलं, "हे लोक बेसूर आहेत." सुधीर एवढा दुखावला की त्याने चहा घेतला नाही. मग दोन दिवसांनी तोच आला, आणि त्याने तारा आणखी उतरवून पेटीच्या खालच्या पट्टीला लावल्या. तारा इतक्या सैल झाल्या की कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या झुलायच्या. त्यातून जो जाडसर, घोगरा आवाज निघाला तो ऐकून माझ्या वडिलांनी पेपर खाली ठेवला. तुला तो ऐकवला तेव्हा तू मात्र मांडीवर थाप मारून म्हणालास, "यो झाला आवाज! पेटीवालीला पण घे."

कीबोर्ड आपल्यापैकी कुणाकडे नव्हता. व्हायकिंग मेटलमध्ये पेटी वाजवणारी मी जगात एकटीच असेन, असं सुधीर म्हणायचा. तो हे तक्रार म्हणून सांगायचा आणि तू कौतुक म्हणून.

नावावरूनही वाद झाला. शेवटी सुधीरचं 'नॉर्थ शोअर' ठरलं. तेव्हा आपल्यापैकी कोणीही नाशिकच्या उत्तरेला गेलेलं नव्हतं.

तुझ्या घरामागची जाळ्यांची खोली ही आपली तालमीची जागा. तिथे मी जे शिकले ते कुठल्या क्लासमध्ये कुणी शिकवलं नसतं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, तेव्हा खोलीच्या चारी भिंतींवर जाळी टांगलेली असायची, छतापासून जमिनीपर्यंत. तुझे काका एका कोपऱ्यात बसून जाळी विणत असायचे आणि त्यांच्यासमोर आपण वाजवायचो. जाळी सगळा आवाज पिऊन टाकायची. ठोका पडायचा आणि तिथेच संपायचा. मग नारळी पौर्णिमा व्हायची, दर्याला नारळ द्यायचा, जाळी होड्यांवर जायची आणि भिंती उघड्या पडायच्या. त्या आठवड्यात आपण वाजवायला बसलो की खोली घुमायची. तोच ड्रम, तीच पेटी, पण वाटायचं विहिरीत बसलोय. सुधीर वैतागायचा, दर वर्षी सगळं नव्याने बसवायला लागायचं. तू म्हणायचास, "दाढीवाल्यांचा आवाज दर कॅसेटला बदलतो ना? आपला सणाला बदलतो." पेटीचा सूर जाळ्यांमध्ये कसा लागतो आणि जाळ्यांशिवाय कसा, हे आजही मला कानाने सांगता येईल. वासाबद्दल विचारू नकोस. माझी आई माझे कपडे वेगळे भिजवायची.

तुझ्या आईचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. दारात उभी राहून ती म्हणाली, "यो काय गाना हाय? कोन मेला?" पण तालमीनंतर जेवल्याशिवाय तिने आम्हाला एकदाही जाऊ दिलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मी तिच्या हातचं बोंबलाचं कालवण पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तू माझ्या तोंडाकडे निकाल बघितल्यासारखा बघत होतास. मी आणखी भात मागितला. त्यानंतर तू मला बँडमधली समजायला लागलास.

लोक विचारायचे, तुमचं दोघांचं काय आहे. तू सांगायचास, "आमचा बँड हाय." लग्न ठरलं तेव्हा मीही नवऱ्याला तेच सांगितलं, आणि त्या भल्या माणसाला ते पटलं.

वर्षभर आपण त्या कॅसेटवरची गाणी वाजवली. ती फार संथ होती. एक ठोका पडला की दुसरा येईपर्यंत माणूस श्वास घेऊन सोडेल. त्या मधल्या जागेत तू काहीबाही भरायला लागलास. ड्रमच्या कडेवर काठी आडवी घासून वल्हं खुंटीवर करकरतं तसा आवाज काढायचास. हळदीतला एखादा ठेका अर्धाच घालून सोडून द्यायचास. गायचास तर तू भलतंच. इंग्रजी शब्द तुला कळत नव्हते आणि आम्हालाही ऐकू येत नव्हते, त्यामुळे तू नुसते हुंकार द्यायचास. पण आवाज पोटातून यायचा. मला तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नाही, आज सांगते. मी त्या आवाजाला साथ करताना जितकी सुखी होते तितकी नंतर कुणाच्या साथीला बसून झाले नाही. मोठ्या बुवांच्याही साथीला बसले, पण ते सुख नाही.

मग मामा परत आला आणि त्याने मूळ कॅसेट सुधीरच्या घरी, स्वतःच्या नव्या डेकवर लावली. आपण तिघं सोफ्यावर. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं डेकमध्ये काही बिघाड आहे. चारही दाढीवाले पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे सुटले होते. गाणारा आपल्याला वाटला होता तसा खर्जातला बुवा नव्हताच, चिरक्या आवाजाचा पोरगा होता. कल्याणच्या दुकानातल्या टेपचा पट्टा सैल झालेला असणार. मूळ कॅसेट हळू फिरली, आणि आपल्या कॉपीत सगळंच हळू आणि खाली उतरलं. पेटीत तो सूर सापडत नव्हता तो त्यामुळे. ते बिचारे बेसूर नव्हते, हे मी इथे कबूल करते.

सुधीरचा चेहरा मला आठवतो. तो म्हणाला, "वर्षभर आपण चूक वाजवतोय."

तू एवढा हसत होतास की मामीने पाणी आणलं. "चूक नाय रे," तू म्हणालास. "हळू."

आपला खरा वाद तिथे सुरू झाला, आणि त्याच्यावरच आपण तिघांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. सुधीरचं म्हणणं सरळ होतं. गाणं जसं आहे तसं वाजवायचं. ठाण्यात कॉलेजांच्या बँडची स्पर्धा होती, परीक्षकांना हे बँड माहीत असणार, आपलं हसं होईल. तुझं म्हणणंही सरळ होतं. "जोरात तर मी हळदीला वाजवतोच. त्याच्यासाठी दाढीवाले कशाला पायजेत?" मी नेहमीप्रमाणे मधे, दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरासारखी. शेवटी सुधीरचं ठरलं. तालमीत तू ते जलद गाणं एका दमात, न चुकता वाजवून दाखवलंस. तुला येत नव्हतं म्हणून तू हळू म्हणत होतास असं कुणी म्हणू नये, यासाठी हे लिहून ठेवते.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. सुधीरने तारा वर चढवलेल्या, मी वरच्या पट्टीची तयारी करून आलेली. तू काठ्या एकमेकींवर आपटून लय दिलीस. टक्. आणि थांबलास. दुसरी टक् यायला एवढा वेळ लागला की सुधीरने वळून पाहिलं. तू जुनी लय दिली होतीस, आपली. आता थांबवणं शक्य नव्हतं. सुधीर दात खाऊन त्या लयीत आला, मी आले. हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "अरे, सेल बदला रे!" अख्खा हॉल हसला. तू डोळे मिटून वाजवत होतास. गाण्याच्या मध्यावर कधीतरी हसणं थांबलं. मागची पोरं खुर्चीच्या दांड्यावर तुझ्याबरोबर ठोका द्यायला लागली. बक्षीस आपल्याला मिळालं नाही, उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांनी "पेटी अनावश्यक" असा शेरा दिला.

ते तू मुद्दाम केलंस का, हे मी तुला किती वेळा विचारलं असेन. "हातच तसा पडला," एवढंच तू म्हणायचास, आणि हसायचास. आता ते तूच जाणे. मला हे न कळलेलं बरं वाटतं, तेवढाच एक विषय तुझ्याशी भांडायला उरला.

हॉलच्या बाहेर सुधीर तुझ्याशी जे बोलला ते मात्र साधं नव्हतं. तो चिडलेला नव्हता, म्हणूनच ते लागलं. तो म्हणाला, "हरेश, जलद वाजवलं असतं तर निदान त्यांचं असतं. हे कुणाचं आहे? तिकडच्यांचं नाही, इकडच्यांचं नाही. चुकून झालेलं आहे. तुझ्या कोळीवाड्यात तरी एक माणूस कधी हे म्हणेल का? मला एक दाखव."

तुझ्या हातात वडापाव होता. तू तो खाल्लास, कागदाची गोळी केलीस आणि रिक्षाला हात केलास. कुणाला कधी उत्तर न देता सोडलं नाहीस तू, सुधीरला तर नाहीच. त्या दिवशी सोडलंस.

पुढे सुधीर नोकरीला लागला, डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टमध्ये. मी लग्न करून कल्याणला गेले आणि पेटीचा क्लास काढला. तू होडीवर. बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही, पण भेटी सणावारी व्हायला लागल्या. अशाच एका सणाला तू आम्हाला तुझं गाणं ऐकवलंस. कॅसेटवरचं नव्हे, तू केलेलं. जाळी नुकतीच होड्यांवर गेली होती आणि खोली घुमत होती. लय तीच, आपली. चाल चार सुरांची, एक लहान पोर धरून ठेवेल अशी. हुंकार होते, आणि पहिल्यांदाच शब्द होते, तुमच्या बोलीतले.

"हलू ने दादा, हलू ने,
पान्याला जाग येल."

हळू ने, नाहीतर पाण्याला जाग येईल, एवढंच, पुन्हा पुन्हा. सुधीरने न सांगता तारा उतरवल्या. मी एकच सूर धरून ठेवला, कारण दुसऱ्या कशाची गरज नव्हती. तुझी आई दारात आली. मी म्हटलं, आता "कोन मेला" ऐकावं लागणार. ती कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "जेवाला चला." हरेश, याहून मोठी दाद त्या खोलीत कुणाला मिळाली नाही.

पण सुधीर सुधीरच. जेवताना म्हणाला, "छान आहे. पण आपण तिघं सोडून कोण म्हणणार?" तू त्याच्या पानात कोलंबी वाढलीस. त्याला गप्प करायला तुझ्याकडे तेवढाच उपाय असायचा.

नव्वदीत दाढीवाल्यांची नवी कॅसेट आली. तू तिची कॉपी मिळवलीस आणि भर दुपारी डोंबिवलीला सुधीरचं दार वाजवलंस. योगायोगाने मी माहेरी होते. ते संथ झाले होते! गिटार जाड, गाणारा खर्जात, मागे लाटांचा आवाज आणि एकत्र हुंकार देणारी माणसं. तू खोलीत मावत नव्हतास. "बघ! आले की नाय आपल्याकडे? आपन आधी होतो!" सुधीरने शांतपणे विचारलं, "कॉपी कुठे केलीस? पट्टा सैल असेल." मी पेटी आणून बघितली, सूर पट्टीवर नीट पडत होता. पण त्यांनी मुळात कुठल्या पट्टीत वाजवलं होतं हे पेटीला काय ठाऊक? तुमचं भांडण माझ्या आईने चहा ठेवल्यावरच थांबलं. तेही चहापुरतं.

मग ही कावीळ. ती किती वाढली ते तू कुणाला सांगितलं नाहीस, आणि कळलं तेव्हा तू हॉस्पिटलात होतास. आम्ही दोघं आलो त्या सकाळी तू हळदीत न्हालेला नवरदेव दिसत होतास. हे मी तुला तोंडावर म्हटलं आणि तू खूश झालास. सुधीरने बॅगेतून छोटा सीडी प्लेअर काढला आणि तुझ्या कानांवर हेडफोन लावले. तीच नव्वदीतली गाणी. "ओरिजिनल आहे," तो म्हणाला. "सीडीला पट्टा नसतो." एवढ्या वर्षांनी हा माणूस हरल्याचं कबूल करायला आला होता, आणि त्याला तेही असंच, यंत्राच्या आडून सांगता येत होतं. तू डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलंस. मग हेडफोन काढून म्हणालास, "बरोबर हाय. पन अजून जरा हळू पायजे होता."

नर्स रागावली एवढं आम्ही हसलो. ते तुझं आमच्याशी शेवटचं बोलणं. मला ते तसंच पुरतं.

तरीही त्या हॉलबाहेरच्या प्रश्नाचं काय? तो सुधीरने मागे घेतला नव्हता. हॉस्पिटलातून निघताना जिन्यात तो मला म्हणाला, "लय त्याची खरी होती, नीला. पण ते गाणं त्याच्याबरोबर जाणार. आपण काय, ऐकणारे." मला त्याला काहीतरी खरमरीत उत्तर द्यायचं होतं, पण सुचलं नाही. तुला वडापाव तरी होता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

दहाव्याला अस्थी खाडीत सोडायच्या होत्या. बायका होडीत जात नाहीत, म्हणून मी काठावर उभी होते. तुझी आई माझ्या पाठीला हात लावून म्हणाली, "तू बस गो. तुझा बेंड हाय." मी बसले, सुधीर बसला, तुझा पुतण्या मडकं मांडीवर घेऊन बसला. होडी तुझ्या मामाच्या गावची, दिवा स्टेशनच्या बाजूची. वल्हवणारे चौघं तिकडचेच, आणि सुकाणूवर एक म्हातारे नाना, पांढऱ्या मिश्या, डोक्याला रुमाल. त्यांच्यातल्या कुणी मला कधी पाहिलं नव्हतं, सुधीरला नाही, आणि आपल्या बँडचं तर नावही ऐकलं नव्हतं. तू मोसमात मामाकडे जाळ्यांच्या कामाला जायचास, एवढीच त्यांना तुझी ओळख. 'आमच्या ताईचा पोर.'

पूल मागे पडल्यावर नानांनी इंजिन बंद करायला सांगितलं. "याला वल्ह्यानं न्यायचा," ते म्हणाले. चौघांनी वल्ही घातली. थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज होता. मग पुढच्याने हुंकार दिला, मागच्याने उचलला.

हलू ने दादा, हलू ने.

मला आधी वाटलं मीच मनात म्हणते आहे. सुधीरने माझं मनगट धरलं तेव्हा कळलं की त्यालाही ऐकू येतंय. चौघंही म्हणत होते, कुणाला आठवावं लागत नव्हतं. चार सूर तेच. आणि तू न लिहिलेली एक ओळही त्यांच्याकडे होती, "आई जागी दारानं, पान्याला जाग येल." जाळ्यांचं काम करताना तू गुणगुणत असशील, ते त्यांनी उचललं; दारात जागी असलेली ही आई कुणी जोडली, कोण जाणे. वल्हं दोन ठोक्यांच्या मधे वर यायचं आणि खुंटीवर करकरायचं, तू काठीने काढायचास तसंच. मी तिथे रडले. दहा दिवसांत नीट रडले नव्हते, ते तिथे रडले, आणि खरं सांगू का, दुःखाने नाही रडले. मला इतका आनंद झाला होता की तो डोळ्यांतूनच येणार होता.

सुधीरने नानांना विचारलं, "हे गाणं कुणाचं?"

"आमचा," नाना म्हणाले.

"म्हणजे केलंय कोणी?"

नानांनी त्याच्याकडे शहरातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "करतंय कोन? हायच ते. माझा बाप बोलायचा, त्याचा बाप बोलायचा. जुना हाय."

सुधीरने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तुझ्या पुतण्यानेही पाहिलं, त्या पोराला सगळं माहीत होतं, पण त्याने मडक्यावरचा हात हलवला नाही. सुधीरने तोंड मिटलं. मग जरा वेळाने, हरेश, त्याने नानांना विचारलं, "मला शिकवाल?"

नानांना बरं वाटलं. एक ओळ त्यांनी म्हटली, सुधीरने त्यांच्यामागून म्हटली. ज्याच्या गिटारवर ते गाणं पहिल्यांदा बसलं, तो माणूस मान खाली घालून म्हणत होता, आणि त्याचा सूर हलत होता.

"तसा नाय," नाना म्हणाले. "आमचा असा हाय." आणि त्यांनी त्याला ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं.